योजना खिशात, तारा टेबलावर

निक्सन म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या वाचकांना आधी अमेरिकेचं सातवं आरमार आठवतं. डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेशचं युद्ध ऐन भरात असताना ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, आणि आता अमेरिका युद्धात उतरणार अशी धास्ती भारतभर पसरली. अमेरिका उतरली नाही. ढाक्यातली शरणागतीही त्या नौकेमुळे थांबली नाही. राष्ट्राध्यक्षांना जगाला काहीतरी दाखवायचं होतं, ते दाखवून झालं आणि नौका निघून गेली.

‘एंटरप्राइझ’ इकडे आली ती व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळच्या तैनातीवरून. तिथे रिचर्ड निक्सन हाच प्रयोग जवळजवळ तीन वर्षं करत होते: हा माणूस कुठल्याही थराला जाईल, असं समोरच्याला वाटायला लावायचं. मात्र व्हिएतनामच्या खेळाला दोन प्रेक्षकवर्ग होते. एक उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत; दुसरा ओहायो, टेक्सास आणि क्वीन्समधल्या घराघरांत टीव्हीसमोर बसलेला. हनोईने निक्सन यांच्यावर कधीच पुरता विश्वास ठेवला नाही. घरच्यांनी ठेवला, आणि तो कसा टिकला हे त्या युद्धाइतकंच पाहण्यासारखं आहे.

१९६८ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची पत पार गेली होती. पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये होते. विजय जवळ आलाय असं सरकार सांगत होतं, आणि जानेवारीच्या अखेरीस, तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरा-गावांवर एकदम हल्ला चढवला. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातही ते घुसले. लष्करी हिशेबात हा हल्ला फसला, पण सरकारच्या शब्दाला त्यानंतर किंमत उरली नाही. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर करून टाकलं.

निक्सन यांनी त्याच मार्चमध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रचारात आश्वासन दिलं की नवं नेतृत्व युद्ध संपवेल आणि शांतता जिंकेल. कशी, ते सांगितलं नाही. वार्ताहरांनी त्याला ‘गुप्त योजना’ असं नाव दिलं. निक्सन यांनी हे शब्द स्वतः कधी वापरले नाहीत, पण पुसून टाकण्याची घाईही केली नाही. पॅरिसमध्ये बोलणी चालू असताना उघड बोलणं बरं नव्हे, एवढं म्हणून ते मोकळे होत. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारल्यावर ‘चांगला आहे की’ म्हणून विषय बदलावा, तसा हा प्रकार होता. ऐकणारा आकडा आपल्या मनाने घालून घेतो. हनोई बेचिराख करावं असं ज्याला वाटे, त्याला निक्सन तेच करतील असं वाटलं. ज्या आईला मुलगा घरी परत हवा होता, तिला ते सैन्य माघारी आणतील असं वाटलं. दोघांनी एकाच माणसाला मत दिलं. तरी नोव्हेंबरमधला विजय निसटताच होता: निक्सन यांना ४३.४ टक्के, डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री यांना ४२.७.

त्या निसटत्या विजयामागे आणखी एक भानगड होती. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली आणि वाटाघाटींचं दार किलकिलं झालं. निक्सन यांच्या गोटातून अ‍ॅना शेनॉल्ट या बाईंमार्फत दक्षिण व्हिएतनामला निरोप जात होते: दम धरा, आमच्या राजवटीत तुमचं जास्त भलं होईल. मतदानाला तीन दिवस उरले असताना सायगावचे अध्यक्ष थ्यू यांनी पॅरिसला यायला नकार दिला. जॉन्सन यांना हेरगिरीतून हे कळलं होतं, पण ते जाहीर केलं तर हेरगिरीही उघडी पडणार होती, म्हणून ते गप्प बसले. निक्सन आयुष्यभर कानांवर हात ठेवत राहिले. त्यांचे निकटचे सहायक बॉब हॉल्डमन यांची त्या दिवसांतली हस्तलिखित टिपणं पुढे कित्येक दशकांनी सापडली, आणि सूचना खुद्द निक्सन यांच्या होत्या हे त्यांतून दिसलं.

मग खिशात खरंच काही होतं का? होतं, पण त्याला योजना म्हणणं जरा जास्तच होईल. तीन कल्पना होत्या. लढाईचा भार हळूहळू दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर टाकायचा आणि आपली माणसं काढून घ्यायची. मॉस्को आणि पुढे पेकिंगशी सूत जमवून हनोईवर दबाव आणायचा. आणि तिसरी, निक्सन यांची लाडकी: हा माणूस कम्युनिस्टांच्या नावाने पिसाळतो, त्याचा हात अण्वस्त्राच्या कळीवर आहे, याला आवरणं कठीण, अशी भीती शत्रूच्या मनात घालायची. तिला ते ‘वेड्या माणसाचा सिद्धांत’ म्हणत, असं हॉल्डमन यांनी नंतर लिहिलं.

पहिल्या दोन कल्पना एकमेकींशी जुळत होत्या. तिसरीचं पहिलीशी वाकडं होतं. दर काही महिन्यांनी सैन्य कमी करणारा माणूस वेडा वाटणार कसा? हनोईला हे गणित लवकर समजलं. आपण फक्त थांबायचं, असं त्यांनी ठरवलं.

१८ मार्च १९६९ रोजी कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक सुरू झाली. कंबोडिया तटस्थ देश होता, पण सीमेलगतच्या जंगलांत उत्तर व्हिएतनामचे तळ होते. पहिल्या मोहिमेला ‘ब्रेकफास्ट’ नाव दिलं. मग ‘लंच’, ‘स्नॅक’, ‘डिनर’, ‘सपर’, ‘डेझर्ट’. संहाराला भोजनपत्रिकेची नावं देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीबद्दल न बोललेलं बरं. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे यातली कारकुनी. बी-५२ विमानांच्या ताफ्याला दक्षिण व्हिएतनाममधली लक्ष्यं सांगितली जात. विमानं आकाशात असताना जमिनीवरचं रडार केंद्र त्यांना दिशा देई, आणि बॉम्ब नेमके कधी सोडायचे तेही तिथूनच ठरे. त्या केंद्रातल्या अधिकाऱ्याकडे सायगावहून माणूस पाकीट घेऊन येई. त्यात कंबोडियातल्या जागांचे आकडे असत. रात्री ते यंत्रात भरायचे, बॉम्ब पडले की सायगावला फोन करून काम झाल्याचं कळवायचं, आणि उजाडल्यावर सगळे कागद जाळून टाकायचे. मग नेहमीच्या अहवालात बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्येच पडले असं लिहायचं. कागदोपत्री सगळं चोख. चौदा महिन्यांत ३,८००हून अधिक उड्डाणं झाली आणि एक लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले.

हे गुपित होतं कुणापासून? हनोईला ठाऊक होतं, कारण बॉम्ब त्यांच्याच सैनिकांवर पडत होते. कंबोडियातल्या गावकऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते कळायला त्यांना कुठल्या हेरखात्याची गरज नव्हती. अंधारात होता तो अमेरिकन मतदार, आणि मोजके वजनदार सदस्य सोडले तर अमेरिकेची काँग्रेस. मे १९६९मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या बॉम्बफेकीची बातमी छापली. गहजब काही झाला नाही. व्हाइट हाउसने मात्र बातमी फोडणारा शोधण्यासाठी आपल्याच अधिकाऱ्यांचे आणि काही पत्रकारांचे फोन चोरून ऐकायला सुरुवात केली. पुढच्या वॉटरगेट प्रकरणाची एक मुळी इथे सापडते.

त्या उन्हाळ्यात निक्सन यांनी हनोईला मुदत घातली: १ नोव्हेंबरपर्यंत बोलणी पुढे सरकली नाहीत तर जबर तडाखा देऊ. त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या कार्यालयात त्या तडाख्याचे आराखडे तयार झाले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेची अण्वस्त्रदलं जगभर गुपचूप सज्ज करण्यात आली आणि अण्वस्त्रं घेतलेली बी-५२ विमानं उत्तरेकडे सोव्हिएत हद्दीच्या रोखाने घिरट्या घालून आली. मॉस्कोने घाबरून हनोईचा कान पिळावा, ही अपेक्षा होती. मॉस्कोने काही केलं नाही. उत्तर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह सप्टेंबरच्या सुरुवातीलाच वारले होते, पण त्यांच्या मागे राहिलेलेही बधले नाहीत. त्यातच १५ ऑक्टोबरला अमेरिकेत गावोगाव युद्धविरोधी मोर्चे, सभा, प्रार्थना झाल्या. वीस लाखांच्या आसपास लोकांनी भाग घेतल्याचा अंदाज आहे. मुदत संपली तेव्हा निक्सन यांच्याकडे द्यायला तडाखा नव्हता. त्यांनी तो आराखडा गुंडाळून ठेवला.

आता ३ नोव्हेंबरच्या रात्री देशापुढे बोलायचं ठरलेलं होतं. बोलायचं काय?

भाषण त्यांनी स्वतः लिहिलं, पिवळ्या कागदांवर, मसुद्यांमागून मसुदे करत. सुमारे अर्ध्या तासाचं ते भाषण राजकीय कारागिरी म्हणून पहिल्या प्रतीचं आहे. त्यात नवी योजना नाही, पूर्ण माघारीची तारीख नाही. त्यांनी युद्धाचा प्रश्न फिरवून देशातला प्रश्न केला. उत्तर व्हिएतनाम अमेरिकेला हरवू शकत नाही किंवा तिची मान खाली घालायला लावू शकत नाही, ते फक्त अमेरिकनच करू शकतात, असं ते म्हणाले. आणि मोर्चे न काढणाऱ्या, गप्प बसून काम करणाऱ्या ‘महान मूक बहुमता’कडे त्यांनी पाठिंबा मागितला. सुमारे सात कोटी लोकांनी ते ऐकलं. गॅलप या जनमत पाहणाऱ्या संस्थेने लगेच फोनवर घेतलेल्या पाहणीत ७७ टक्के लोकांनी भाषणाला पसंती दिली. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांना आत बोलावलं, तेव्हा निक्सन यांच्या टेबलावर तारांचे ढीग रचलेले होते. निक्सन यांच्या हिशेबाने ५० हजारांहून अधिक तारा आणि ३० हजार पत्रं आली.

त्या ढिगाऱ्यातला काही भाग आधीच ठरवून मागवलेला होता. व्हाइट हाउसमध्ये काम केलेले अलेक्झांडर बटरफील्ड यांनी पुढे कबूल केलं की कामगार संघटना आणि माजी सैनिकांच्या संघटनांकडे आधीच शब्द टाकून ठेवला होता. टेक्सासचे धनाढ्य उद्योगपती रॉस पेरो यांनी राष्ट्राध्यक्षांच्या समर्थनार्थ वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. दहा दिवसांनी उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी टीव्ही वाहिन्यांवर तोफ डागली: मूठभर मंडळी ठरवतात म्हणून देशाला एकच बाजू दिसते. हा सूर आजच्या वाचकाला अगदी ओळखीचा वाटेल.

पण सगळंच बनावट होतं असं म्हणून विषय संपत नाही. व्हाइट हाउसला तारा मागवता येतात. गॅलपच्या फोनवर उत्तर देणारे मागवता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या कामाला पसंती ऑक्टोबरअखेर ५६ टक्के होती, ती भाषणानंतर दहा टक्क्यांहून अधिक चढली. संकटाच्या वेळी लोक झेंड्याभोवती गोळा होतात, हे राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७०मध्ये आकड्यांनिशी मांडलं. इथे मात्र बाहेर नवं संकट काही आलेलं नव्हतं. निक्सन यांनी घरातलंच संकट दाखवलं, मोर्चेवाल्यांचं.

आणि इथे समर्थकांच्या मनातली गंमत दिसते. कमी शिकलेले, कमी कमावणारे अमेरिकन युद्धखोर आणि कॉलेजवाले शांततावादी, असं चित्र तेव्हा रंगवलं जाई. पाहण्यांतून अनेकदा उलटं दिसलं: या युद्धात पडणं ही चूक झाली, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण कमी शिकलेल्यांत जास्त होतं. त्यांचीच मुलं जात होती. कॉलेजात नाव असलं की सक्तीची भरती पुढे ढकलता येई. गिरणीत किंवा बांधकामावर काम करणाऱ्या पोराला ती सोय नव्हती. तेव्हा युद्ध नको आणि युद्ध नको म्हणून ओरडणारी ती पोरंही नकोत, अशी ही मनःस्थिती होती. निक्सन यांनी दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवल्या: मी युद्ध संपवतोय, त्यांच्या दडपणाखाली नव्हे.

१ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये भरतीची सोडत निघाली, तीही टीव्हीवर दिसली. काचेच्या मोठ्या भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली कुपी उघडली तिच्यात १४ सप्टेंबर निघाली. त्या तारखेला जन्मलेल्या पात्र वयाच्या मुलांना सर्वांत आधी बोलावणं जाणार होतं. कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या, त्यामुळे वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांना वरचे क्रमांक जास्त लागले, हे संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं. तरीही या सोडतीने एक काम केलं. ज्यांचा क्रमांक खूप खालचा लागला, त्यांना आपण सुटलो हे त्याच रात्री कळलं.

३० एप्रिल १९७०ला निक्सन नकाशा घेऊन टीव्हीवर आले आणि अमेरिकन सैन्य कंबोडियात शिरत असल्याचं त्यांनी सांगितलं. अमेरिका आजवर कंबोडियाची तटस्थता पाळत आली आहे, असंही ते त्याच भाषणात म्हणाले. तोवर ‘ब्रेकफास्ट’पासूनच्या पंगती वर्षभर उठत होत्या. चार दिवसांनी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. ‘न्यूजवीक’साठी गॅलपने दोष कुणाचा असं विचारलं, तेव्हा ५८ टक्के लोकांनी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवलं, ११ टक्क्यांनी जवानांकडे.

८ मे रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर केंट स्टेटच्या मृतांसाठी विद्यार्थी जमले होते. जवळच्या बांधकामांवरून दोनेकशे कामगार हेल्मेटं घालून, झेंडे घेऊन आले आणि दिसेल त्या लांब केसवाल्याला त्यांनी बदडलं. मग मोर्चा सिटी हॉलकडे वळला. तिथे महापौर लिंडसे यांनी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. तो पुन्हा वर चढवायला लावला. सत्तरेक लोक जखमी झाले. अडीच आठवड्यांनी बांधकाम कामगार संघटनांचे पुढारी पीटर ब्रेनन यांनी व्हाइट हाउसमध्ये जाऊन निक्सन यांना हेल्मेट भेट दिलं. १९७३मध्ये हेच ब्रेनन कामगारमंत्री झाले. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारी ही माणसं होती, आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं हे सापडलं होतं. त्या भाषेत व्हिएतनामबद्दल फारसं काही नव्हतं.

एकीकडे सैन्य खरंच परत येत होतं, हे विसरून चालणार नाही. १९७० संपताना ३ लाख ३५ हजारांच्या आत, १९७१ संपताना १ लाख ५७ हजारांच्या आसपास, आणि १९७२ संपताना जेमतेम २४ हजार. निक्सन यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्याला डोळ्यांनी दिसणारा पुरावा हाच होता. गल्लीतली पोरं घरी येत होती. जमिनीवर लढणारी माणसं कमी होत गेली तसे वरून पडणारे बॉम्ब वाढत गेले, पण ते गल्लीतून दिसत नव्हते.

मे १९७२मध्ये हनोईच्या मोठ्या चढाईला उत्तर म्हणून निक्सन यांनी हायफाँग बंदरात सुरुंग पेरले. वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्राने प्रेक्षकांकडून पोस्टाने कौल मागवला: राष्ट्राध्यक्षांचा निर्णय योग्य की अयोग्य? निक्सन यांच्या निवडणूक समितीच्या कचेरीत माणसं बसवून हजारो कार्डं भरून पाठवली गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्ध खवळलेल्या नागरिकांची म्हणून जी जाहिरात त्याच वृत्तपत्रात झळकली, तिचे पैसेही समितीनेच भरले होते. यातली खरी नवलाची गोष्ट अशी की याची गरजच नव्हती. खऱ्या पाहण्यांतही सुरुंगांना बहुमताचा पाठिंबा होता, आणि महिना संपायच्या आत सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत निक्सन यांचं स्वागत केलं. इतका पाठिंबा मिळूनही निक्सन यांचा त्यावर भरवसा नव्हता. समर्थकांचा त्यांच्यावर होता तेवढा त्यांचा समर्थकांवर कधी बसलाच नाही.

३ ऑगस्ट १९७२. ओव्हल ऑफिसमधलं ध्वनिमुद्रण. दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणारच नाही, असं निक्सन म्हणतात. किसिंजर यांचं म्हणणं, वर्ष-दोन वर्षं डोलारा उभा राहील असं काहीतरी सूत्र काढायला हवं. त्यानंतर त्याचं कुणाला काही वाटणार नाही. हनोईपुढे ताठ उभ्या असलेल्या नेत्यावर लोक विश्वास टाकत होते, आणि नेता आत बसून पडझडीची सोयीची वेळ काढत होता. २६ ऑक्टोबरला किसिंजर यांनी शांतता हातातोंडाशी आल्याचं जाहीर केलं. ७ नोव्हेंबरला निक्सन ४९ राज्यांत जिंकले. प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या वाट्याला मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी तेवढी आली. डिसेंबरात, नाताळचा दिवस वगळून, हनोई-हायफाँगवर प्रचंड बॉम्बफेक झाली, तीत अमेरिकेची १५ बी-५२ विमानं पडली. २७ जानेवारी १९७३ला पॅरिसमध्ये सह्या झाल्या त्या करारात आणि ऑक्टोबरच्या मसुद्यात फारसं अंतर नव्हतं. उत्तर व्हिएतनामचं सैन्य दक्षिणेत होतं तिथेच राहिलं. निक्सन यांच्या कारकिर्दीत वीस हजारांहून अधिक अमेरिकन मरण पावले. व्हिएतनामी, कंबोडियन आणि लाओशियन माणसं त्याच्या कितीतरी पट. कराराच्या आठवड्यात निक्सन यांना ६७ टक्के पसंती होती.

कंबोडियातली कारकुनी उघडी पडली ती जुलै १९७३मध्ये. त्या रडार केंद्रात कागद जाळणारे मेजर हॅल नाइट सिनेटच्या समितीपुढे साक्षीला आले. बातम्या आल्या, अग्रलेख आले. वर्षभराने, ३० जुलै १९७४ रोजी, महाभियोगाचा विचार करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीपुढे याच बॉम्बफेकीबद्दलचं कलम मांडलं गेलं: राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसपासून युद्ध लपवलं. ते २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळलं गेलं. काँग्रेसच्या काही बड्या सदस्यांना खाजगीत सांगितलं गेलं होतं, शिवाय निक्सन यांच्याआधीच्यांनी तरी काय वेगळं केलं, असे आक्षेप होते. वॉटरगेटची घरफोडी दडपल्याची आणि सत्तेचा दुरुपयोग केल्याची कलमं मात्र त्याच समितीत मंजूर झाली होती. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले, आणि त्यापुढच्या एप्रिलच्या अखेरीस सायगाव पडलं. निक्सन गेले तेव्हा गॅलपच्या पाहणीत त्यांना पसंती देणारे २४ टक्के उरले होते. म्हणजे ओव्हल ऑफिसमधल्या ध्वनिफिती बाहेर आल्या, पक्षातल्यांनीही पाठ फिरवली, तरी दर चार अमेरिकनांतला जवळजवळ एक जण अजूनही म्हणत होता की या माणसाचं काम ठीक चाललंय.